अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई

माझी आक्का चौथीतून शाळा सोडून घरी बसली, याचे कारण मी आहे. मी तेव्हा तान्हा होतो. आई-वडील ऊसतोडीला जात आणि मला सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. आज आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणूनच ताराबाई मोडक यांचे चरित्र वाचताना माझे मन काही ठिकाणी अडखळले.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. मुलींनी शिकणे हेच नवल होते, त्या काळात ताराबाई १९१४ साली बी.ए. झाल्या. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या. परंतु संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. राजकोटच्या महिला अध्यापन विद्यालयाच्या त्या प्राचार्या होत्या. पगार, मान, सारे होते. ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे बालशिक्षणाच्या कामाला गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरीबाईंची पद्धत त्यांनी आपल्या मातीत रुजवली.

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या, तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु शहरातील सुखवस्तू मुलांसाठीच हे शिक्षण का, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. बोर्डीत बालवाडी निघाली, पण गरिबांची मुले तिकडे फिरकेनात. ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरवले. पाड्यावर जायचे, मुलांना आंघोळ घालायची, नखे काढायची, मग गाणी-गोष्टी. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे आले. अंगणवाडी हा शब्द असा अंगणातून आला.

१९५७ साली हे काम कोसबादच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये गेले. तेथे गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत, हेही त्यांनी पाहिले. त्यांच्या कडेवर धाकटे भावंड होते! म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्यांनी विकासवाडी उभी केली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि ताई वर्गात.

येथे मी पुस्तक मिटले. अशी एक विकासवाडी आमच्या गावात असती, तर आक्काही कदाचित याच कॉलेजात शिकून गेली असती.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. पोषण आहार, लसीकरण, गरोदर मातांची तपासणी हे सारे आता तिच्याशी जोडलेले आहे.

आक्काची मुलगी चार वर्षांची आहे. रोज सकाळी ती डबा घेऊन अंगणवाडीत जाते. पण आमच्या गावच्या अंगणवाडीत तीन वर्षांखालच्या मुलांना ठेवून घेण्याची सोय नाही. गेल्या आठवड्यात मी गावी गेलो, तेव्हा दहा-अकरा वर्षांची एक पोर अंगणवाडीच्या दारात कडेवर बाळ घेऊन उभी होती. आतली गाणी ऐकत होती. ताराबाईंनी कोसबादला जे ओळखले, ते आमच्या गावाने अजून ओळखायचे आहे. पुढच्या ग्रामसभेत पाळणाघराचा विषय मी मांडणार आहे. माझ्यामुळे गेलेली आक्काची शाळा परत येणार नाही. त्या पोरीची मात्र अजून वाचू शकते.