सलीम अली: पक्ष्याच्या पायातला युनिक आयडी

डेटाबेसमध्ये प्रत्येक रेकॉर्डला युनिक आयडी लागतो ना? सलीम अलींनी तो पक्ष्यांच्या पायात घातला.

जन्म १८९६, मुंबई. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. एअरगनने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कुठली, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तिथलेच झाले. पदवी नव्हती म्हणून सरकारी नोकरी हुकली (आम्हा इंजिनिअरांनी वाचावं असं!). तरी १९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. १९५९पासून त्यांच्या पुढाकाराने सोसायटीने हजारो पक्ष्यांना नंबरची रिंग घातली. अडचण एकच: रिंगवाला पक्षी परत सापडला तरच डेटा.

१९८७ साली ते गेले. पुढे डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या. आमच्या माहूरला म्हाताऱ्यांना गिधाडं आठवतात, मी गावात एकही पाहिलं नाही. त्यांच्याच सोसायटीने हरियाणात पिंजोरला गिधाडांची पिल्लं वाढवली. त्यातली काही २०२४ मध्ये पेंच आणि ताडोबाला सोडली, अंगावर टॅग लावून. हा टॅग लोकेशन स्वतःच पाठवतो. ठिपका एकाच जागी अडकला, की माणसं तिथे जाऊन बघतात: गिधाड जिवंत आहे का, मेलं असेल तर कशाने.