विक्रम साराभाई आणि खेड्यातील दूरचित्रवाणी

अहमदाबाद शहरातील शाहीबाग भागात ‘रिट्रीट’ नावाचा एक विस्तीर्ण बंगला होता. कापडगिरणीचे मालक अंबालाल साराभाई आणि त्यांच्या पत्नी सरलादेवी यांचे ते निवासस्थान. या दांपत्याच्या पोटी १२ ऑगस्ट १९१९ रोजी विक्रम यांचा जन्म झाला. घरात लक्ष्मी पाणी भरीत होती. परंतु नुसत्या श्रीमंतीचे वारे त्या घरात खेळत नव्हते. महात्मा गांधी, रवींद्रनाथ ठाकूर, चंद्रशेखर वेंकट रामन यांसारखी थोर माणसे तेथे पाहुणी म्हणून येत. विक्रम यांची आत्या अनसूयाबेन यांनी तर प्रत्यक्ष भावासह सर्व गिरणीमालकांच्या विरुद्ध उभे राहून गिरणीकामगारांची बाजू घेतली होती. तरीही बहीणभावांतील माया आटली नाही. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला गरिबांचे जग अपरिचित राहणे शक्य नव्हते.

अंबालाल आणि सरलादेवी यांना आठ अपत्ये. या मुलांसाठी त्यांनी घराच्या आवारातच मादाम माँतेसरी यांच्या पद्धतीची शाळा काढली. घोकंपट्टीला त्या शाळेत थारा नव्हता. मुलाने वस्तू हातात घ्यावी, ती उलटीसुलटी करून पाहावी, डोळ्यांनी निरखावी आणि मग ती समजून घ्यावी, अशी तेथील रीत होती. विक्रम यांना यंत्रांची विलक्षण ओढ. लहानपणीच त्यांनी वाफेवर चालणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाची छोटी प्रतिकृती तयार केली होती. जे डोळ्यांनी पाहिले ते मनात ठसते, हा अनुभव त्यांना बालवयातच मिळाला. पुढे त्यांनी जे मोठे स्वप्न पाहिले, त्याचे बीज बहुधा या घरच्या शाळेतच पडले असावे.

अहमदाबादच्या गुजरात कॉलेजातील शिक्षणानंतर ते इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात गेले आणि १९४० साली तेथील परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या सुमारास दुसरे महायुद्ध पेटले होते. ते स्वदेशी परतले आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागले. अंतराळातून पृथ्वीवर अहोरात्र वर्षाव करणारे विश्वकिरण हा त्यांचा अभ्यासविषय. १९४२ साली प्रसिद्ध नर्तकी मृणालिनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. युद्ध संपताच ते पुन्हा केंब्रिजला गेले, १९४७ साली डॉक्टरेट मिळवून परतले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. तेव्हा त्यांचे वय अवघे २८ वर्षांचे होते.

यानंतरची त्यांची कामे मोजू लागले तर पाने अपुरी पडतील. कापड उद्योगाची संशोधन संस्था, अहमदाबादची व्यवस्थापन संस्था, अशा कितीतरी संस्थांच्या उभारणीला त्यांचा हात लागला. परंतु त्यांचे खरे ध्येय आकाशाकडे होते. केरळच्या किनाऱ्यावर तिरुअनंतपुरमजवळ थुंबा नावाचे कोळ्यांचे गाव आहे. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्तरेषा त्याच्या जवळून जाते. म्हणून वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करण्यास ती जागा फार सोयीची. गावातील ख्रिस्ती बांधवांनी आपले देवालय व बिशपांचे घर या कार्यासाठी मोकळे करून दिले. देवालयाच्या इमारतीत शास्त्रज्ञ काम करू लागले. अग्निबाणाचे काही भाग चक्क सायकलवरून नेले जात. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी सायंकाळी अमेरिकेहून आणलेला एक छोटा अग्निबाण तेथून आकाशात झेपावला आणि भारताच्या अवकाश संशोधनास प्रारंभ झाला.

अग्निबाण उडाला; पण त्याचा दीनदुबळ्यांना काय उपयोग, असा प्रश्न अनेकांनी विचारला. हा प्रश्न अगदीच पोकळ होता असे नाही. १९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या वर्षी देशात पाऊस रुसला होता. अमेरिकेतून आलेल्या गव्हावर लाखो लोकांची गुजराण होत होती. ज्या देशाच्या मुखी पुरता घास नाही, त्याने आकाशाला गवसणी घालावी काय? साराभाई या प्रश्नाने चिडले नाहीत. त्यांनी त्याचे जे उत्तर शोधले, ते ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटले. उपग्रहाच्या साहाय्याने भारतातील खेड्यापाड्यांत दूरचित्रवाणी न्यावी, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या काळी दूरचित्रवाणी ही बहुतेकांच्या मते चैनीची वस्तू होती. भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस तिचा प्रारंभ झाला होता. परंतु दिल्लीबाहेर ती कोणी पाहिली नव्हती. मुंबईकरांना तर १९७२ सालापर्यंत वाट पाहावी लागली. शहरातील सुखवस्तू लोकांनी संध्याकाळी दिवाणखान्यात बसून गाणी ऐकावीत, नाटके पाहावीत, एवढाच तिचा उपयोग, अशी समजूत होती. साराभाई यांचा विचार नेमका याच्या उलट होता. शहरातील मुलाजवळ शाळा आहे, ग्रंथालय आहे, दवाखाना आहे, वर्तमानपत्र आहे. ज्या गावी रस्ताच जात नाही, जेथे पुस्तक पोहोचत नाही आणि पोहोचले तरी वाचणारा सापडत नाही, त्या गावाला हलत्या-बोलत्या चित्राची गरज अधिक. देशातील साडेपाच लाखांहून अधिक खेड्यांना एकेक उत्तम शिक्षक, एकेक शेतकीतज्ज्ञ आणि एकेक डॉक्टर देण्यास किती पिढ्या लागतील? मात्र एका उत्तम शिक्षकाचा पाठ एकाच वेळी हजारो गावांत दाखविता येईल. अक्षरओळख नसलेल्या मातेलाही बाळाची निगा कशी राखावी हे पाहून समजेल. पडद्यावरील चित्र समजण्यासाठी बाराखडी यावी लागत नाही, हे त्यांनी अचूक हेरले होते.

यात अडचण एकच होती, आणि ती मोठी होती. दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ रेषेत जातात. पृथ्वी मात्र गोल आहे. त्यामुळे मनोऱ्यावरून सोडलेल्या लहरी काही अंतरापर्यंतच पोहोचतात. त्यापुढे दुसरा मनोरा, त्यापुढे तिसरा, अशी साखळी उभारावी लागते. साहजिकच पहिला मनोरा शहरात उभा राहतो आणि डोंगराआडच्या खेड्याचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो. याउलट, पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर विषुववृत्ताच्या माथ्यावर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्याच गतीने तिच्याबरोबर फिरतो. खालून पाहणाऱ्याला तो एका जागी टांगलेल्या दिव्यासारखा स्थिर असतो. त्याच्याकडून येणाऱ्या लहरींना डोंगर आडवा येत नाही आणि शहर-खेडे हा भेदही त्यांना ठाऊक नसतो.

साराभाई केवळ कल्पनेत रमणारे नव्हते. खेडूत दूरचित्रवाणी पाहतील काय आणि पाहून त्यांचा काही लाभ होईल काय, हे त्यांना आधी पडताळून पाहावयाचे होते. त्यांच्या पुढाकाराने २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली केंद्रावरून ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम सुरू झाला. दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांत सार्वजनिक जागी संच बसविण्यात आले. तिन्हीसांजेला कामावरून परतलेले शेतकरी संचापुढे बसत आणि बियाणे, खते, पाणी, कीड यांविषयीची माहिती पाहत. शेतात राबणाऱ्या माणसाला शेतीचाच कार्यक्रम आवडेल की नाही, ही शंका लवकरच फिटली. हा कार्यक्रम पुढे कित्येक दशके चालला, यावरूनच त्याची लोकप्रियता दिसून येते.

त्याच वर्षी अहमदाबादेत उपग्रहाशी संपर्क साधणारे प्रायोगिक भू-केंद्र उभे राहिले. दरम्यान, १९६६ साली होमी भाभा यांचे विमान अपघातात निधन झाल्यामुळे अणुशक्ती आयोगाची धुराही साराभाई यांच्या खांद्यावर आली होती. १५ ऑगस्ट १९६९ रोजी भारतीय अवकाश संशोधन संस्थेची, म्हणजे इस्रोची, स्थापना झाली. भारताजवळ तेव्हा स्वतःचा उपग्रह नव्हता. तेव्हा अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी वापरावयास मिळावा, असा करार त्यांनी त्याच वर्षी घडवून आणला. उपग्रह परक्यांचा, परंतु संच, भू-केंद्रे आणि कार्यक्रम सर्व भारतीयांनीच तयार करावयाचे, असा त्यांचा आग्रह होता. उसन्या साहित्यावर प्रयोग करता येतो, देश चालविता येत नाही, हे ते पुरते जाणून होते.

दिल्ली, मुंबई, अहमदाबाद, थुंबा अशी त्यांची अखंड धावपळ चालू होती. दिवसाचे अठरा-अठरा तास काम करणाऱ्या या माणसाला विश्रांती कशी ती ठाऊक नव्हती. १९७१ च्या डिसेंबर महिन्यात ते थुंबा येथील कामाच्या पाहणीसाठी गेले असता कोवलम येथे मुक्कामास होते. ३० डिसेंबर रोजी सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच त्यांचे निधन झाले होते. त्यांचे वय त्या वेळी ५२ वर्षांचे होते. खेड्यातील एकही संच अद्याप उपग्रहाच्या चित्राने उजळला नव्हता.

मात्र त्यांनी निवडलेली व घडविलेली माणसे कामाला लागलेली होती. तीन वर्षांहून अधिक काळ त्यांनी तयारी केली. हैदराबादच्या सरकारी कारखान्यात संच तयार झाले. उपग्रहाच्या लहरी पकडण्यासाठी तीन मीटर व्यासाच्या जाळीदार छत्र्या बनविण्यात आल्या. त्यांची जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेची होती. ज्या गावी वीज नव्हती, तेथे काही संच विजेरीवर चालविण्यात आले. अमेरिकेचा तो उपग्रह आफ्रिका खंडाच्या माथ्यावर आणून ठेवण्यात आला आणि १ ऑगस्ट १९७५ रोजी राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश व कर्नाटक या सहा राज्यांतील खेड्यांत तो प्रयोग सुरू झाला. सुमारे २४०० गावे त्यासाठी निवडली होती, आणि तीही मुद्दाम मागासलेल्या भागांतील. ज्यांनी कधी चित्रपटही पाहिला नव्हता अशी कितीतरी माणसे त्या दिवशी संचापुढे दाटीवाटीने बसली असतील.

रोज सुमारे चार तास कार्यक्रम होत. सकाळची वेळ शाळेतील मुलांची. सायंकाळची वेळ साऱ्या गावाची. शेती, आरोग्य, कुटुंबाची काळजी यांबरोबरच गाणी, नृत्ये आणि नाटके असत. हिंदी, ओरिया, तेलुगू व कानडी या भाषांत कार्यक्रम होत आणि एकाच चित्राबरोबर दोन भाषांतील ध्वनी पाठविण्याची सोय होती. मुलांसाठी विज्ञानाचे पाठ तयार करताना इस्रोने मुंबईत आपला छोटासा स्टुडिओ चालविला. घरात सापडणाऱ्या साध्या वस्तूंनी प्रयोग कसे करावेत, रोज दिसणाऱ्या गोष्टींमागे कोणते कारण दडले आहे, हे त्यांत दाखविले जाई. संच मुलाच्या शंकेला उत्तर देत नाही. ते काम शिक्षकाचेच. हे ओळखून या प्रयोगात शिक्षकांसाठीही वर्ग घेण्यात आले आणि प्राथमिक शाळांतील सुमारे ५०,००० शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे धडे दूरचित्रवाणीवरून मिळाले.

वर्षभरानंतर पाहणी झाली. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, अशांच्या, विशेषतः स्त्रियांच्या ज्ञानात चांगली भर पडल्याचे तीत आढळले. ज्यांच्यासाठी साराभाई यांनी हा खटाटोप आरंभिला होता, त्यांच्याच पदरात अधिक माप पडले होते.

३१ जुलै १९७६ रोजी ठरल्याप्रमाणे प्रयोग संपला. उपग्रह अमेरिकेच्या दिशेने परत नेण्यात आला आणि गावोगावचे पडदे अंधारले. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात मात्र पीज या गावच्या प्रक्षेपकावरून कार्यक्रम चालूच राहिले. तेथील नाटकांत गावकरीच कामे करीत आणि सावकारी, अस्पृश्यता, दारू अशा गावातल्याच प्रश्नांवर ती नाटके असत. आपलाच शेजारी पडद्यावर आपलेच दुखणे बोलून दाखवितो आहे, हे पाहण्यास गावाची दाटी होत असल्यास नवल नव्हते.

स्वतःच्या उपग्रहासाठी देशाला आणखी काही वर्षे थांबावे लागले. १९८३ साली इन्सॅट-१ बी हा भारताच्या मालकीचा उपग्रह कार्य करू लागला आणि त्याच्या साहाय्याने दूरदर्शनचे जाळे देशभर पसरले. पुणे जिल्ह्यात आर्वी येथे असलेल्या उपग्रह भू-केंद्रास विक्रम यांचेच नाव देण्यात आले आहे. शाळकरी मुलांसाठी त्यांच्या मातृभाषेत कार्यक्रम तयार करण्याकरिता काही राज्यांत स्वतंत्र संस्था निघाल्या. महाराष्ट्रात १९८४ साली पुण्यास निघालेली अशी संस्था म्हणजे बालचित्रवाणी. ही संस्था २०१७ साली बंद झाली. परंतु तत्पूर्वी अनेक वर्षे सकाळच्या वेळी शाळेतील संचावरचे आच्छादन दूर सारले जाई, मुले दाटीवाटीने सतरंजीवर बसत आणि मराठीतून विज्ञानाचा, भूगोलाचा किंवा एखाद्या गोष्टीचा कार्यक्रम सुरू होई.