सकाळची गोळी आणि बर्नचे डॉक्टर

सकाळी साडेपाचला चहाचे आधण ठेवायचे, ही आमच्या घरची चाळीस वर्षांची रीत. मी बँकेत होतो तेव्हा बदलीच्या प्रत्येक गावी ही रीत आमच्याबरोबर फिरली आणि निवृत्त झालो तरी मोडली नाही. काही वर्षांपूर्वी सौ.ला थायरॉईडची गोळी सुरू झाली, तेव्हा त्या गोळीलाही या चहाच्या पंगतीत जागा मिळाली. एका हातात कप, दुसऱ्या हातात गोळी आणि तिच्या जोडीला हाडांसाठी दिलेली कॅल्शियमची गोळी. सगळे एकदम उरकले की दिवस मोकळा, असा साधा हिशेब.

पण हिशेब जुळत नव्हता. दर वेळी रक्त तपासले की टीएसएचचा आकडा चढलेलाच. गोळीची मात्रा वाढवली, पुन्हा वाढवली. तिचा थकवा काही जाईना. केस गळत, चेहरा सुजल्यासारखा दिसे, ऐन वैशाखात तिला पंखा नको असे. आणि खरे सांगायचे तर मी ते सारे वयावर ढकलून मोकळा झालो होतो. भरदुपारी ती आडवी झाली की मनातल्या मनात मी तिला आळशीही ठरवले होते. शेवटी एका तरुण डॉक्टरबाईंनी गोळी कोणती, हे विचारण्याआधी ती कधी आणि कशाबरोबर घेता, एवढेच विचारले. दोष गोळीचा नव्हता. वेळेचा होता.

त्यानंतर मी या गोळीबद्दल मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता शंभर-सव्वाशे वर्षे मागे, स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातल्या एका शल्यविशारदापाशी येऊन थांबलो. त्यांचे नाव एमिल थिओडोर कोखर. त्यांनी ही गोळी शोधली नाही, पण ती का लागते हे जगाला कळले त्यात त्यांच्या एका चुकीचा आणि त्या चुकीकडे पाठ न फिरवण्याच्या त्यांच्या वृत्तीचा फार मोठा वाटा आहे.

कोखर यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी बर्नमध्ये झाला. वडील इंजिनिअर. आई अतिशय धर्मपरायण, मोरावियन पंथाची. आईची ती श्रद्धा आणि शिस्त मुलात पुरेपूर उतरली आणि आयुष्यभर टिकली. बर्नमध्येच त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, १८६५ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि मग बर्लिन, लंडन, पॅरिस, व्हिएन्ना अशी त्या काळची शस्त्रक्रियेची तीर्थक्षेत्रे पालथी घातली. व्हिएन्नाच्या बिलरोथ यांच्यासारख्या दिग्गजांचे काम त्यांनी जवळून पाहिले. १८७२ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते बर्न विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. त्यानंतर मोठमोठ्या विद्यापीठांची बोलावणी येऊनही त्यांनी आपले गाव सोडले नाही. पंचेचाळीस वर्षे एकाच शहरात, एकाच संस्थेत. आम्हा बदलीवाल्यांना याचे नवलच वाटावे.

बर्नमध्ये राहिल्याने त्यांच्यापुढे एक दुखणे रोजच्या रोज येत असे, ते म्हणजे गलगंड. आल्प्स पर्वताच्या कुशीतल्या मातीत आणि पाण्यात आयोडीन फार कमी. थायरॉईड ग्रंथीला काम करायला आयोडीन लागते. ते मिळाले नाही की ग्रंथी फुगत जाते, कधी कधी नारळाएवढी होते आणि श्वासनलिका दाबते. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही गलगंडाचे वर्णन आहे आणि हिमालयाच्या पायथ्याच्या गावांतून हे दुखणे विसाव्या शतकातही सर्रास दिसत होते. कोखर यांच्या काळी याचे कारण कोणालाच नीट ठाऊक नव्हते. थायरॉईड ग्रंथी शरीरात नेमकी कशासाठी असते, हेही माहीत नव्हते. तिला काही काम नसावे, असेच अनेकांना वाटे.

ही ग्रंथी रक्तवाहिन्यांनी अक्षरशः वेढलेली असते. तिला सुरी लावायची म्हणजे रक्ताचा पूर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अशा शस्त्रक्रियेत शंभरातले चाळीसएक रुग्ण दगावत असत. कोखर यांनी घाई सोडून दिली. त्या काळी हाताचा वेग हाच शल्यविशारदाचा मोठेपणा मानला जाई, पण ते संथपणे, एकेक रक्तवाहिनी चिमट्यात धरून, बांधून पुढे सरकत. निर्जंतुकीकरणाबद्दल ते कमालीचे काटेकोर होते. त्यांनी बनवलेला दातेरी टोकाचा चिमटा आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. रुग्ण वाचू लागले. दूरदूरहून लोक बर्नची वाट धरू लागले.

आणि इथेच त्यांच्या आयुष्यातला कठीण प्रसंग येतो.

जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी पूर्णपणे काढली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, मुलगी घरी गेली. पुढे तिच्या भागातल्या डॉक्टरांनी कोखर यांना कळवले, की मुलगी पार बदलली आहे, मंद झाली आहे. त्या वेळी या बातमीतून काही निष्पन्न झाले नाही. वर्षे गेली. सप्टेंबर १८८२ मध्ये जिनिव्हाला कोखर यांची जाक-लुई रेव्हर्दां या शल्यविशारदाशी गाठ पडली. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्या रुग्णांची प्रकृती नंतर विचित्र रीतीने ढासळली, असे रेव्हर्दां यांनी त्यांना सांगितले.

दुसरा एखादा असता तर ही गोष्ट कानाआड करून पुढे गेला असता. कोखर यांचे नाव तोवर सर्वत्र झाले होते, मृत्यूचे आकडे खाली आले होते, दाराशी रुग्णांची रीघ होती. पण ते बर्नला परतले आणि आपल्या जुन्या रुग्णांना पुन्हा तपासणीसाठी बोलावू लागले. शंभराच्या वर गलगंडांपैकी चौतीस जणांची ग्रंथी त्यांनी समूळ काढली होती. त्यांतले अठरा जण त्यांना पुन्हा तपासता आले. फक्त दोघे ठणठणीत होते. उरलेले सोळा जण थकलेले, सुजलेले, थंडीने कुडकुडणारे, बोलण्या-चालण्यात मंदावलेले. ती अकरा वर्षांची मुलगी आता वीस वर्षांची झाली होती, पण तिची वाढ खुंटली होती. एके काळी धाकट्या बहिणीशेजारी उभी राहिली तर दोघींत फरक कळत नसे. आता धाकटी चारचौघींसारखी तरुणी झाली होती आणि थोरली तिच्यापुढे लहान, निर्बुद्ध चेहऱ्याचे मूल दिसत होती.

इथे एक विलक्षण विपर्यास आहे. व्हिएन्नाच्या बिलरोथ यांची पद्धत वेगाची. त्यात ग्रंथीचे काही तुकडे आत राहून जात, मात्र शेजारच्या बारीक ग्रंथी दुखावल्या जात आणि रुग्णांना झटके येत. कोखर यांचा हात इतका सफाईदार होता, की शेजारचे सारे सुखरूप राही आणि थायरॉईडचा कणही मागे उरत नसे. ज्या सफाईचा त्यांना अभिमान वाटावा, त्या सफाईनेच त्यांच्या रुग्णांचा घात केला होता. ही तुलना पुढे अमेरिकन शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी मांडली.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनला जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत कोखर उभे राहिले आणि हे सारे त्यांनी आकड्यांनिशी सांगितले. साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे त्यांनी यापुढे वर्ज्य मानले. त्यांनी दिलेले कारण चुकीचे होते. श्वासनलिकेला इजा पोचून रक्त निकृष्ट होत असावे, असा त्यांचा कयास होता. शोधाचा पहिला मान कोणाचा, यावरून रेव्हर्दां यांच्याशी पुढे कटू वादही झाला. माणूस थोर झाला तरी माणूसच राहतो. पण त्यांनी मांडलेली माहिती खरी होती. लंडनमध्ये फेलिक्स सेमन यांनी त्यातून दुवा जोडला, एक समिती बसली आणि १८८८ मध्ये तिने निर्वाळा दिला, की थायरॉईड नसणे हेच या साऱ्याचे मूळ.

मग जे शरीरात नाही ते बाहेरून द्यावे, हे ओघानेच आले. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका सेहेचाळीस वर्षांच्या बाईला टोचला. ती सुधारली आणि पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. तिच्या औषधापायी आठशेहून अधिक मेंढ्या लागल्या म्हणतात. लवकरच टोचण्याऐवजी ग्रंथी खायला देऊन भागते, हेही लक्षात आले. एका इंग्रज डॉक्टरांनी तर ती जराशी परतून, जेलीबरोबर, आठवड्यातून एकदा खायला सांगितली होती! २५ डिसेंबर १९१४ रोजी, ऐन नाताळात, अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी ग्रंथीतले शुद्ध द्रव्य, थायरॉक्सिन, वेगळे काढले. १९२७ पर्यंत ते प्रयोगशाळेत बनू लागले. आज लाखो घरांत उशाशी असलेली बारीक गोळी ती हीच.

कोखर यांना १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले शल्यविशारद. बर्नमधल्या संशोधन संस्थेसाठी त्यांनी मोठी देणगी दिली. १९१३ मध्ये लेनिन यांच्या पत्नी क्रुपस्काया याच दुखण्यासाठी त्यांच्याकडे आल्या होत्या. तोवर त्यांच्या थायरॉईड शस्त्रक्रियांची संख्या पाच हजारांच्या पुढे गेली होती आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा अर्ध्यावर आले होते. २७ जुलै १९१७ रोजी, अखेरपर्यंत काम करीत, ते बर्नमध्येच निवर्तले. पाच वर्षांनी, १९२२ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनयुक्त मीठ आले आणि गलगंड हटू लागला.

आता आपल्या गोळीकडे येऊ. हे द्रव्य रक्तात सावकाश ओसरते. निम्मे व्हायला सुमारे आठवडा लागतो. म्हणून घड्याळाचा काटा पाच मिनिटांनी चुकला तर बिघडत नाही. खरा प्रश्न गोळी आतड्यातून रक्तात किती उतरते, हा आहे. पोट रिकामे असेल तर ती चांगली उतरते. चहा, कॉफी, दूध, सोयाबीन आडवे येतात. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर तिला धरूनच ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. नेहमीचा सल्ला असा, की सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि अर्ध्या ते एक तासाने चहा-नाश्ता करावा. दुसरी वाट रात्रीची. नेदरलँड्समध्ये नव्वद रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झोपताना घेतलेल्या गोळीने रक्तातले आकडे अधिक सुधारले, मात्र रुग्णांना स्वतःला वाटणाऱ्या बरेपणात फरक पडला नाही. पुढच्या काही अभ्यासांत दोन्ही वेळा जवळपास सारख्याच ठरल्या. पण रात्रीच्या गोळीला जेवणानंतर तीन तास तरी जायला हवेत. नऊला जेवून साडेदहाला निजणाऱ्या आपल्या घरांत हे कसे साधायचे?

तेव्हा सर्वांत चांगली वेळ कोणती, याचे उत्तर आपल्या घराच्या घड्याळात शोधावे. जी वेळ रोज पाळता येईल आणि पोट रिकामे असेल, ती चांगली. वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारून बदलावी आणि सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावे. दिवस राहिलेल्या सुनेला-लेकीला ही गोळी चालू असेल तर उशीर न करता डॉक्टरांना सांगावे, कारण त्या काळात मात्रा बहुधा वाढवावी लागते.

आमच्या घरी रात्रीची वाट जमली नाही. सौ. आता पाचला उठल्याबरोबर उशाशी झाकून ठेवलेल्या पाण्याबरोबर गोळी घेते. मग फुले काढते, देवपूजा उरकते. चहा सहाला. कॅल्शियम गेले दुपारच्या जेवणानंतर. दोन महिन्यांनी आकडा खाली आला आणि वाढवलेली मात्रा डॉक्टरबाईंनी कमीही केली.

बँकेत मी तीस-पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या खात्यांतल्या चुका शोधल्या. घरातल्या माणसाचा थकवा मात्र न तपासताच वयाच्या खाती टाकून दिला होता. कोखर यांच्यासारखे जुने कागद काढून बसण्याचे धैर्य मोठ्या माणसांना लागते, तसे ते घरातल्या लहान माणसांनाही लागते. तिची क्षमा मी मागितली. तिने हसून, चहाला अजून तासभर अवकाश आहे याची आठवण करून दिली.