जॅक्सन हेन्स आणि त्याचे बूट

आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील विद्यार्थ्यास बर्फ म्हटला म्हणजे रसवंतीच्या दुकानांत भुशाखालीं झांकून ठेवलेली लादी तेवढी आठवते. येथें उन्हाळ्यांत विहिरी आटतात, परंतु हिवाळ्यांत पाणी गोठत नाहीं. नळदुर्गच्या पाणीमहालापाशीं अडविलेलें बोरी नदीचें पाणी गोठलें व त्यावरून कोणी घसरत गेलें, असें कोणाच्याही ऐकिवांत नाहीं. शिमल्यास १९२० पासून हिवाळ्यांत बर्फाचें पटांगण तयार करीत आले आहेत. पण शिमला आपणांपासून फार दूर. तथापि चाकांचे बूट घालून सिमेंटच्या पटांगणांत गरगर फिरणारीं मुलें आपल्याकडेही दिसूं लागलीं आहेत, आणि तसे बूट घेऊन द्या म्हणून पालकांच्या मागें लागणारीं तर त्यांहून पुष्कळ. पायांतील बूट आणि त्याखालचें पातें किंवा चाक यांचा मेळ बसला नाहीं तर सारा खेळ फसतो. ही गोष्ट ज्यानें आपल्या नृत्यानें जगास पटवून दिली त्या जॅक्सन हेन्सचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

हेन्सचा जन्म १८४० च्या सुमारास अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरीं झाला. त्यानें बॅले नांवाच्या पाश्चात्त्य नृत्याचें शिक्षण घेतलें होतें. तो ऐन तारुण्यांत येत होता त्याच वेळीं, १८५८ च्या हिवाळ्यांत, तेथील सेंट्रल पार्क या नव्या बागेंतील तळें स्केटिंगसाठीं खुलें झालें आणि सगळ्या शहरास या खेळाचें वेड लागलें. नाचणाऱ्याच्या हातीं बर्फाचें अंगण आलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु त्या काळचे स्केट मोठे बेभरंवशाचे. लांकडाच्या फळीस लोखंडी पातें ठोकलेलें असे. फळीच्या मागच्या भागांतून वर आलेला स्क्रू नेहमींच्या बुटाच्या टांचेंत फिरवून बसवीत, आणि मग चामड्याच्या वाद्यांनीं ती फळी पायास आवळीत. वादी घट्ट ओढावी तर पायास मुंग्या येत. सैल सोडावी तर फळी फिरे व घोटा मुरगळे. पुढें धातूच्या पकडीचे स्केट निघाले, पण तेही उडी मारतांच निसटण्याची धास्ती असेच. सावकाश, अंग ताठ ठेवून फिरणाऱ्यास एवढें पुरत होतें. हेन्सला पुरलें नाहीं, कारण त्याला नाचावयाचें होतें. त्यानें फळी, वाद्या, पकडी यांना रजा दिली आणि पोलादी पातें बुटाच्या तळासच स्क्रूंनीं कायमचें जडवून टाकलें. या सुधारणेचें श्रेय सामान्यतः त्यालाच देतात.

एवढ्या लहानशा गोष्टीचें कौतुक तें काय, असें एखादा विचारील. त्यासाठीं त्या पात्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. तें सुरीसारखें धारदार असतें अशी पुष्कळांची समजूत आहे, पण ती खरी नव्हे. त्याची खालची बाजू मधोमध पन्हळीसारखी किंचित् खोलगट केलेली असते, व त्यामुळें तिला आंतली व बाहेरची अशा दोन कडा मिळतात. ज्या कडेवर शरीराचा भार झुकवावा त्या बाजूस मनुष्य बांक घेत वळतो. म्हणजे वळण्याचा हुकूम घोट्यापासून निघून पात्यापर्यंत पोंचावयाचा असतो. बूट सैल असला तर तो हुकूम अर्ध्या वाटेंतच नाहींसा होतो.

म्हणून मुलाचा पाय वाढता आहे, तेव्हां जोडा बोटभर मोठाच घ्यावा, ही आपल्या घरांतील जुनी रीत शाळेच्या बुटांपुरती ठीक. येथें ती उपयोगी नाहीं. बोटांचीं टोकें पुढें जेमतेम टेकावीं, गुडघा वांकविल्याबरोबर तीं किंचित् मागें सरावीं, आणि टांच मात्र मुळींच उचलतां कामा नये. मोजा पातळ व एकच असावा. नाडी बोटांवर थोडी ढिली, पावलाच्या उंचवट्यापासून घोट्यापर्यंत चांगली आवळलेली आणि अगदीं वर पुन्हां थोडी सैल बांधावी, नाहीं तर गुडघा लवत नाहीं. चांगला बूट घोट्यापाशीं ताठ असल्यामुळें आरंभीं दुखवितो. घरांत थोडा थोडा वेळ घालून तो पायाच्या वळणीं पाडावा लागतो. आजकालचे कांहीं बूट ऊब देऊन मऊ करतात आणि पाय आंत असतांनाच निवूं देतात, म्हणजे ते पायाचा आकार धरतात. हाड जेथें रुततें तेथें कारागीर बुटाची तेवढीच जागा आंतून फुगवून देतो. कलबुतावर जोडा चढविणारा आपल्या गांवचा कारागीर हें काम पाहतांक्षणीं ओळखील. पातें जडवितांनाही घाई करीत नाहींत. प्रथम मोजकेच स्क्रू घालून चालवून पाहतात. सरळ जातांना पाऊल एका अंगास कलूं लागलें तर पातें केसभर आंत किंवा बाहेर सरकवितात, आणि तोल पटला म्हणजे मग बाकीचे स्क्रू पिळतात.

हे बूट महाग असतात, तेव्हां त्यांच्या निगेविषयीं दोन शब्द पालकांसाठीं. खेळ संपतांच पातें व स्क्रू कोरड्या फडक्यानें पुसावे. ओलें पातें लवकरच गंजतें. पात्यावरचें कठीण आवरण चालण्यापुरतेंच असतें. तें घालूनच बूट ठेवून दिले तर आंतलें पाणी पात्यास खातें. बूट उन्हांत किंवा चुलीजवळ वाळवूं नयेत, चामडें तडकतें. नाड्या सोडून, जीभ वर ओढून, सावलींत वाऱ्यावर ठेवावे. चाकांच्या बुटांस पाण्याबरोबर धुळीचेंही भय असते, आणि ती आपल्याकडे मुबलक. बेअरिंगमध्यें धूळ शिरली म्हणजे चाक कुरकुरूं लागतें व अडतें.

चाकांच्या बुटांची हकीकतही याच सुमाराची व याच शहरांतली आहे. त्यांपूर्वींच्या चाकांच्या स्केटवर सरळ जातां येई, परंतु धड वळतां येत नसे. अठराव्या शतकांत लंडनमध्यें मर्लिन नांवाचा एक कुशल यंत्रकार असे स्केट घालून, व्हायोलिन वाजवीत एका समारंभांत शिरला आणि थांबतां न आल्यामुळें मोठ्या आरशावर जाऊन आदळला, अशी गोष्ट सांगतात. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यानें १८६३ सालीं नव्या स्केटचें पेटंट घेतलें. त्यानें पुढें दोन व मागें दोन चाकें ठेवून त्यांच्या आंसांपाशीं रबराच्या उशा बसविल्या. त्यामुळें शरीर ज्या बाजूस झुकेल त्या बाजूस आंस आपोआप वळूं लागले. बर्फावर जें काम पात्याच्या कडा करतात तें येथें रबरानें केलें.

आतां पुन्हां हेन्सकडे वळूं. त्याच्या देशांत स्केटिंग म्हणजे बर्फावर आकृति कोरण्याची कला समजली जाई. कोणी आठाचा आंकडा काढी, कोणी तारा, आणि शरीर मात्र खांबासारखें ताठ. अशा लोकांपुढें हा तरुण हात पसरून, गुडघे लववून, संगीताच्या तालावर डुलूं लागला तेव्हां त्यांना ते चाळे वाटले. कौशल्य कोणी नाकारलें नाहीं. ढंग मात्र आवडला नाहीं. देशांत यादवी युद्ध पेटलें होतें. अखेर १८६४-६५ च्या सुमारास पत्नी व मुलें मागें ठेवून त्यानें युरोपची वाट धरली. त्यांच्याकडे तो पुन्हां नांदावयास परतला नाहीं. त्याचे स्तुतिपाठक ही बाजू बहुधा वगळतात. परंतु त्याच्या कीर्तीची किंमत केवळ त्यानेंच भरली नाहीं, हें विसरणें न्यायाचें होणार नाहीं.

इंग्लंडांत त्याचें स्वागत थंडच झालें. तेथील मंडळी अमेरिकनांहूनही ताठ. व्हिएन्ना शहराची गोष्ट वेगळी. तेथें १८६७ सालीं स्केटिंगची संस्था स्थापन झाली होती, आणि त्याच वर्षीं योहान स्ट्राउसचें निळ्या डॅन्यूब नदीवरील वॉल्ट्झ प्रथम वाजविलें गेलें होतें. नाचाशिवाय ज्यांना चैन पडत नाहीं अशा त्या नगरांत हेन्स वॉल्ट्झच्या तालावर बर्फ कापीत आला, आणि लोक वेडे झाले. एका पायावर गिरक्या घेतां घेतां खालीं बसावें, दुसरा पाय पुढें लांब करावा, आणि फिरणें तर थांबूं देऊं नये, हा प्रकार त्यानेंच प्रथम केला असें मानतात. ज्यांना त्यांतली अडचण कळत नसेल त्यांनीं घरांत, साध्या फरशीवर, एका पायावर बसून उठण्याचा प्रयत्न करून पाहावा! वाद्यांनीं बांधलेल्या फळीवर हें साधणें कठीणच होतें. व्हिएन्नाच्या लोकांनीं नुसत्या टाळ्या वाजविल्या नाहींत, तर त्याची पद्धति उचलली, तिला शिस्त लावली, आणि तीच पुढें व्हिएन्नाची शैली म्हणून प्रसिद्धीस आली.

त्यानंतर तो युरोपांतील थंड देशांतून खेळ करीत हिंडत राहिला. १८७५ सालीं, वयाची चाळिशीही गांठली नसतां, फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका लहानशा गांवीं फुप्फुसाच्या विकारानें त्याचा अंत झाला. त्या गांवास हल्लीं कोक्कोला म्हणतात.

सात वर्षांनीं, १८८२ त, व्हिएन्ना येथें निरनिराळ्या देशांच्या स्केटिंगपटूंची मोठी चढाओढ झाली. तींत त्याच्याच परंपरेंतील लिओपोल्ड फ्राय पहिला आला. १८९२ त आंतरराष्ट्रीय संघ निघाला, १८९६ त सेंट पीटर्सबर्ग येथें पहिली जागतिक स्पर्धा भरली, आणि १९०८ त लंडनच्या ऑलिंपिकमध्यें या खेळास स्थान मिळालें. अमेरिकेनें मात्र सावकाशी केली. तिच्याच पुत्राची शैली तिला परदेशाहून आणवावी लागली, आणि त्या पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा न्यू हेवन येथें भरली ती १९१४ सालीं. १९७६ सालीं अमेरिकेनें त्याचें नांव आपल्या श्रेष्ठ स्केटिंगपटूंच्या मालिकेंत गोंवलें. त्याचें थडगें अद्याप कोक्कोला येथेंच आहे. त्यावरील दगडानें त्याला अमेरिकन स्केटिंगचा राजा म्हणून गौरविलें आहे.