वीर बाबूराव शेडमाके

चंद्रपूरच्या तुरुंगाच्या आवारांत एक पिंपळ आहे. दरवर्षीं २१ ऑक्टोबर या दिवशीं पुष्कळ लोक तेथें जमून मस्तक लववितात. ज्यांच्या स्मरणार्थ हें घडतें, त्यांचें चरित्र आज थोडक्यांत सांगावें असें आम्हांस वाटतें.

बाबूराव पुल्लेसुरबापू शेडमाके यांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजीं अहेरीकडील किष्टापूर येथें गोंड जमीनदाराच्या घरीं झाला. मोलमपल्लीची जमीनदारी या घराण्याकडे होती. त्यांचें आरंभींचें शिक्षण गोटुलांत झालें. तेथें मुलांस एकत्र राहण्याचें व एकमेकांस धरून चालण्याचें वळण लागे. पुढें वडिलांनीं त्यांस इंग्रजी शिकण्याकरितां रायपुरास धाडिलें.

१८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें आणि चांदा प्रांतावर इंग्रजांचा अंमल बसला. १८५७ सालीं उत्तरेंत वणवा पेटला, त्याची झळ या अरण्यापर्यंत पोंचली. बाबूरावांनीं सुमारें ५०० तरुण जमविले. त्यांत गोंड होते, तसेच रोहिलेही होते. धर्म व भाषा भिन्न असतांही एका आज्ञेंत वागणारें हें पथक उभें करणें, हीच त्यांची पहिली मोठी कामगिरी होय. मार्च १८५८ मध्यें राजगड परगणा त्यांनीं हस्तगत केला. तेव्हां अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांस येऊन मिळाले. चांद्याचे अधिकारी कॅप्टन क्रिक्टन यांनीं फौज पाठविली. परंतु नांदगांव-घोसरीजवळ तिला हार खावी लागली. रानवाटा, ओढे व डोंगर ज्यांस ठाऊक, त्यांच्यापुढें शिस्तीच्या पलटणीचेंही कांहीं चालेना.

इंग्रजांपाशीं मात्र एक नवें साधन होतें, तें म्हणजे विजेची तार. घोडेस्वार कित्येक दिवसांत जी बातमी नेई, ती तार थोड्या वेळांत पोंचवी. प्राणहितेच्या कांठीं चिंचगुंडी येथें तारखात्याचा तळ होता. २९ एप्रिल १८५८ रोजीं त्यावर छापा पडला. गार्टलंड व हॉल हे दोघे कर्मचारी ठार झाले. पीटर नांवाचा तिसरा निसटला आणि त्यानें घडलेली हकीकत क्रिक्टनपर्यंत पोंचविली. ते दोघे नोकरीसाठीं रानांत आलेले होते. त्यांच्या मरणाबद्दल आम्हांस हळहळ वाटते, आणि वीराचें चरित्र सांगतांना तें झांकून ठेवणें आम्हांस उचित वाटत नाहीं.

यापुढें फांसे उलटे पडूं लागले. क्रिक्टननें अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांस आपल्या बाजूस वळविलें. त्यांच्या माणसांनीं बाबूरावांस भोपाळपट्टणम येथें धरिलें, पण ते निसटले. अखेर १८ सप्टेंबर १८५८ रोजीं अहेरीकडूनच ते पकडले जाऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाले. २१ ऑक्टोबर रोजीं चांद्यास त्यांस फांशी देण्यांत आलें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें २५ वर्षांचें होतें. व्यंकटराव बस्तरांत गेले. तेही १८६० सालीं धरले जाऊन जन्मठेपेस गेले.

बाबूरावांचें धैर्य कमी पडलें काय? मुळींच नाहीं. त्यांच्या पथकांत एकजूट होती, पण शेजारच्या जमीनदारींत ती नव्हती. एकीकडे चांदा, नागपूर व अहेरी यांची सांगड बसली. दुसरीकडे रानांतील जमीनदार परस्परांपासून तुटून राहिले. संकटाच्या वेळीं नुसतें शौर्य पुरत नाहीं. वेळेवर पोंचलेला निरोप आणि शेजाऱ्याचा विश्वास हींही तितकींच मोठीं शस्त्रें होत.

१२ मार्च २००९ रोजीं भारत सरकारनें बाबूरावांचें टपाल तिकीट काढिलें. तें संग्रहीं ठेवणें चांगलेंच. परंतु वर्गांत शेजारीं बसणारा मुलगा गोंडी बोलो, तेलुगू बोलो वा मराठी, त्याच्याशीं मन मोकळें करून वागणें, हें त्यांचें अधिक खरें स्मारक ठरेल असें आम्हांस वाटतें.