फ्रेडरिक कोर्टनी सेलू

हा लेख इंग्रज शिकारी फ्रेडरिक कोर्टनी सेलू याच्याविषयी आहे. परभणी जिल्ह्यातील सेलू या शहराशी त्याचा संबंध नाही.

फ्रेडरिक कोर्टनी सेलू (३१ डिसेंबर १८५१ – ४ जानेवारी १९१७) हा आफ्रिकेत शिकार करणारा इंग्रज शिकारी, प्राणिनमुन्यांचा संग्राहक, प्रवासी, लेखक आणि सैनिक होता. मराठी लेखनात त्याचे आडनाव ‘सेलूस’ असेही आढळते. परंतु घराणे मूळचे फ्रेंच ह्युगेनॉट असल्याने अखेरचा ‘स’ उच्चारला जात नाही. हस्तिदंत विकून पोट भरणाऱ्या शिकाऱ्यांच्या पिढीतील तो शेवटच्या काहींपैकी एक होता. पुढे परवाना काढून आणि पदरचे पैसे खर्चून आफ्रिकेत येणाऱ्या हौशी शिकाऱ्यांचा तो सल्लागार झाला. आफ्रिकेतील मोठ्या शिकारीचे अर्थकारण पन्नास वर्षांत कसे उलटेपालटे झाले, हे त्याच्या एका आयुष्यात पाहावयास मिळते.

बालपण व शिक्षण

सेलूचा जन्म लंडन येथे एका सुखवस्तू कुटुंबात झाला. वडील लंडनच्या शेअर बाजाराचे अध्यक्ष होते, तर आई कविता करीत असे. धाकटा भाऊ एडमंड पुढे पक्षिनिरीक्षक म्हणून नावाजला. फ्रेडरिकने डॉक्टर व्हावे अशी घरची इच्छा होती. त्याचे मन मात्र लहानपणापासून पक्ष्यांची अंडी गोळा करण्यात आणि आफ्रिकेतील प्रवासवर्णने वाचण्यात रमलेले असे. १५ जानेवारी १८६७ रोजी लंडनच्या रीजंट्स पार्कमधील गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ फुटून चाळीस माणसे दगावली. पंधरा वर्षांचा सेलू त्या वेळी बर्फावर होता. बर्फाच्या तुकड्यांवरून सरपटत जाऊन त्याने काठ गाठला.

रग्बी येथील विख्यात शाळेतून बाहेर पडल्यावर त्याला स्वित्झर्लंड व जर्मनी येथे शिक्षणासाठी पाठविण्यात आले. जर्मनीतील वीसबाडेन येथे मोहोळ घारीची अंडी काढताना एका वनरक्षकाशी त्याची हातघाई झाली आणि अटक टाळण्यासाठी त्याला ते शहर सोडावे लागले. वैद्यकाचे शिक्षण तेथेच संपले म्हणावयास हरकत नाही.

आफ्रिकेत आगमन

४ सप्टेंबर १८७१ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, सेलू दक्षिण आफ्रिकेतील अल्गोआ उपसागरात उतरला. त्याच्या खिशात ४०० पौंड होते. ही रक्कम त्या काळी लहान नव्हती, परंतु हत्तीच्या शिकारीसाठी ती पुरेशी नव्हती. शिकारीच्या मोहिमेस बैलांचा छपरी गाडा, तो ओढणाऱ्या बैलांच्या अनेक जोड्या, गाडीवान, नोकर, महिनोन्महिने पुरेल एवढे धान्य, चहा, साखर, बंदुकीची दारू व शिसे आणि वाटेत अन्नाच्या व मजुरीच्या बदल्यात देण्यासाठी कापड व मणी एवढा जामानिमा लागे. घोडा हवा असेल तर त्या प्रदेशातील अश्वरोग होऊन त्यातून वाचलेला घोडा घ्यावा लागे, आणि अशा घोड्याची किंमत साध्या घोड्याच्या कितीतरी पट असे. हा सारा खर्च हंगामाच्या अखेरीस हस्तिदंत विकून भरून काढावयाचा, हा तेथील रिवाज होता. अनेक शिकारी व्यापाऱ्याकडून सामान उधार घेऊन निघत आणि परत येताना त्याचेच देणेकरी म्हणून येत.

सेलूचे आरंभीच नुकसान झाले. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवर त्याची मागून काडतूस भरण्याची किमती दुनळी रायफल चोरीस गेली. मग त्याने बर्मिंगहॅमच्या हॉलिस या कारखान्यात बनलेल्या, मुळात बदकांच्या शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या दोन स्वस्त ठासणीच्या बंदुका घेतल्या. चार बोअरच्या या बंदुकांतून सुमारे चार औंसांची (११० ग्रॅमच्या आसपास) गोल गोळी सुटे. दारू मोजून न भरता चामड्याच्या पिशवीतून मुठीने काढून भरली जाई. त्यांचा धक्का इतका जबर असे, की पुढे आयुष्यभर नेम धरताना त्याचे हात बिचकत राहिले आणि त्याचा दोष तो या बंदुकांनाच देत असे. एकदा बंदूक वाहणाऱ्या नोकराच्या हातून दोनदा दारू भरली गेली. बार उडताच सेलू मागे फेकला गेला आणि त्याच्या गालाला जखम झाली.

लोबेंग्युला आणि हत्तीची शिकार

हत्तींचा प्रदेश (आजच्या झिंबाब्वेचा पश्चिम भाग) त्या वेळी माटाबेलेंचा राजा लोबेंग्युला याच्या सत्तेखाली होता आणि त्याच्या अनुमतीवाचून तेथे कोणी बंदूक उडवीत नसे. १८७२ साली सेलू त्याच्यापुढे उभा राहिला, तेव्हा हा मिसरूड फुटलेला पोरगा हत्ती मारणार याचे राजाला हसू आले आणि लहान हरणे मारावयास आलास काय, अशी त्याने थट्टा केली. अखेर, हा काय हत्ती मारणार, अशा समजुतीने त्याने हवे तेथे जाण्यास मोकळीक दिली. या अनुमतीची आठवण पुढील मजकूर वाचताना ठेवणे आवश्यक आहे.

घोड्यावरून शिकार करणाऱ्या बोअर शिकाऱ्यांनी उघड्या मुलखातील हत्ती संपवीत आणले होते. उरलेले हत्ती त्सेत्से माशीच्या पट्ट्यात शिरले होते. या माशीच्या दंशाने घोडे व बैल मरतात, म्हणून गाडा बाहेर ठेवून आत पायीच जावे लागे. सेलूजवळ घोड्यासाठी पैसे नव्हते. ती अडचण येथे त्याच्या पथ्यावर पडली. पायी शिकारीचे धडे त्याने सिगार नावाच्या खोईखोई शिकाऱ्याकडून घेतले. हा सिगार पूर्वी ग्रॅहॅम्सटाउन येथे घोड्यांच्या शर्यतीत स्वार होता. सेलूने आपल्या लेखनात या गुरूचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे, हे त्या काळातील युरोपीय लेखकांचा रिवाज पाहता नोंद घेण्याजोगे आहे.

१८७२ ते १८७४ या तीन हंगामांत त्याने ७८ हत्ती मारले आणि त्यांतील जवळजवळ सर्व पायी मारले. आजच्या वाचकाला हा आकडा अंगावर येतो. सेलूच्या दृष्टीने ते उत्पन्न होते. परंतु हे उत्पन्न टिकणारे नव्हते. १८७६ साली इंग्लंडहून परत आल्यावर त्याला हत्ती क्वचितच दिसू लागले. १८७७ मध्ये झांबेझीपलीकडे केलेल्या प्रवासात हस्तिदंताऐवजी हिवताप पदरी पडला. इतर शिकाऱ्यांबरोबर त्याने स्वतःही आपल्या धंद्याचे मूळ भांडवल संपविले होते.

संग्राहक व लेखक

१८८१ साली त्याचे ‘अ हंटर्स वाँडरिंग्ज इन आफ्रिका’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुस्तकामुळे त्याचे नाव झाले आणि पैसे मिळविण्याचा निराळा मार्ग खुला झाला. वस्तुसंग्रहालयांना व नमुन्यांच्या व्यापाऱ्यांना आफ्रिकेतील सस्तन प्राण्यांची कातडी, कवट्या, तसेच फुलपाखरे हवी होती. एका हत्तीमागे दिवसभर धावण्यापेक्षा एक उत्तम नमुना काळजीपूर्वक सोलून, वाळवून, कीड न लागू देता किनाऱ्यापर्यंत पोहोचविणे हे काम अधिक किचकट होते. सेलूने ते चिकाटीने केले. १८८७ साली त्याने तीन इंग्रज हौशी शिकाऱ्यांना माशोनालँडमध्ये नेले. पुढे पूर्व आफ्रिकेत रूढ झालेल्या व्यावसायिक शिकारवाटाड्याच्या पेशाची ही पूर्वचिन्हे होत.

या वर्षांत लोबेंग्युलाशी असलेले संबंध बिघडत गेले. पाणघोडे मारल्याच्या आरोपावरून राजाने त्याला दंड केला. आपण ते मारले नव्हते असे सेलूचे म्हणणे होते आणि हा अपमान त्याने मनात ठेवला.

१८८८ च्या जुलै महिन्यात झांबेझीच्या उत्तरेस माशुकुलुंब्वे लोकांनी रात्री त्याच्या तळावर हल्ला केला. त्याचे १२ माणसे ठार झाली. सेलू अंधारात गवतातून निसटला आणि शेकडो मैल चालून, वाटेत आपली रायफलही गमावून, कसाबसा परतला. अशा प्रसंगांत धन्याचे नाव ग्रंथांत राहते. मेलेल्या बारा जणांची दखल मात्र बहुधा संख्येपुरतीच घेतली जाते.

पायोनियर कॉलम

सेलूच्या चरित्रातील सर्वाधिक वादग्रस्त भाग १८८९–९० चा आहे. माशोना लोक लोबेंग्युलाच्या अधिपत्याखाली नाहीत, असे त्याने लेख लिहून प्रतिपादन केले आणि तेथील खनिजांबाबत सवलत मिळविण्यासाठी एका मंडळाच्या वतीने प्रयत्न केले. त्यानंतर सेसिल ऱ्होड्स याने त्याला ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीच्या सेवेत घेतले. माटाबेलेंच्या मुख्य वस्तीला वळसा घालून माशोनालँडमध्ये शिरणारा मार्ग सेलूने सुचविला आणि १८९० मध्ये पायोनियर कॉलम या वसाहतकारांच्या तुकडीपुढे चालून, जंगल तोडून चारशेहून अधिक मैलांचा गाडीरस्ता आखून दिला. १२ सप्टेंबर १८९० रोजी तुकडी आजच्या हरारेच्या जागी पोहोचली. तीन वर्षांनी कंपनीने लोबेंग्युलाशी युद्ध पुकारले. सेलू त्यात कंपनीच्या बाजूने लढला व जखमी झाला. राजधानी सोडून पळालेला राजा १८९४ च्या सुमारास मरण पावला.

ज्या राजाने हसत हसत मोकळीक दिली, त्याच्याच मुलखाची वीस वर्षांत पायांखाली घातलेली माहिती अशा रीतीने त्याच्या राज्याच्या नाशास उपयोगी पडली. रक्तपात टळावा म्हणूनच आपण वळसा घालणारा मार्ग निवडला, असे सेलूचे समर्थन होते. मार्ग आखताना ते खरेही असेल. परंतु रस्ता झाल्यावर त्यावरून कोण जाईल हे वाटाड्याच्या हाती राहत नाही.

लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८९३ साली त्याला संस्थापक पदक दिले. एप्रिल १८९४ मध्ये त्याचा विवाह ग्लॅडिस मॅडी हिच्याशी झाला. १८९५ मध्ये तो पत्नीसह माटाबेलेलँडमधील इसेक्सव्हेल येथे राहावयास गेला. पुढील वर्षी तेथे उठाव झाला आणि त्याचे घर जाळण्यात आले. त्यावर त्याने ‘सनशाइन अँड स्टॉर्म इन ऱ्होडेशिया’ (१८९६) हे पुस्तक लिहिले. नंतर तो इंग्लंडमध्ये सरे परगण्यातील वर्पल्सडन येथे स्थायिक झाला. तेथे त्याने स्वतःचे संग्रहालय उभारले. आशिया मायनर, कॅनडा, न्यूफाउंडलंड, नॉर्वे येथेही तो शिकारीसाठी व अंडी गोळा करण्यासाठी जात असे.

रूझवेल्टची मोहीम

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे सेलूचे स्नेही होते. सेलूच्या ‘आफ्रिकन नेचर नोट्स अँड रेमिनिसन्सेस’ (१९०८) या पुस्तकास त्यांनी प्रस्तावना लिहिली. अध्यक्षपद सोडल्यावर आफ्रिकेत जाण्याचे त्यांनी ठरविले, तेव्हा मोहिमेची आखणी मुख्यतः सेलू व एडवर्ड नॉर्थ बक्स्टन यांच्या सल्ल्याने झाली. आर. जे. कनिंगहॅम या अनुभवी शिकाऱ्यास व्यवस्थापक नेमावे, ही सूचना सेलूची होती. एप्रिल १९०९ मध्ये नेपल्सहून मोंबासास जाणाऱ्या ‘ॲडमिरल’ या जहाजावर दोघे एकत्र होते. पुढे सेलू दुसऱ्या एका तांड्याबरोबर गेला.

१८७२ च्या तुलनेत आता सर्व चित्र पालटले होते. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत शिकारीचे कायदे झाले होते. बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्यास ५० पौंडांचा, म्हणजे ७५० रुपयांचा परवाना घ्यावा लागे आणि कोणते प्राणी किती मारावयाचे हे त्यात ठरलेले असे. रुपयांचा हा उल्लेख मराठी वाचकास चमत्कारिक वाटेल. परंतु तेथे त्या वेळी चलन रुपयाचेच होते, एका पौंडास १५ रुपये या दराने. शिकारी ज्या रेल्वेने मोंबासाहून नैरोबीस जात, ती मुख्यत्वे हिंदुस्थानी मजुरांनी बांधली होती आणि सरकारी कचेऱ्यांतील बरेचसे कारकून गोमंतकीय होते.

नैरोबीत न्यूलँड अँड टार्ल्टन ही कंपनी तंबू, अन्नसामग्री, बंदूक वाहणारे, स्वयंपाकी आणि हमाल असा सारा तांडा ठरीव रकमेत उभा करून देई. प्रत्येक हमालाच्या डोक्यावर सुमारे ६० पौंड (२७ किलो) ओझे असे. रूझवेल्ट यांच्या तांड्यात दोनशेहून अधिक हमाल होते, कारण कातडी टिकविण्यासाठी लागणारे मीठच चार टन होते. एवढा खर्च एकट्याने पेलणे रूझवेल्ट यांनाही शक्य नव्हते. मोहीम स्मिथसोनियन संस्थेच्या नावे निघाली. संस्थेचा वाटा अँड्र्यू कार्नेगी आदी धनिकांच्या देणग्यांतून उभा राहिला. रूझवेल्ट यांनी स्वतःचा व मुलगा कर्मिट याचा खर्च सोसला आणि स्क्रिब्नर्स मासिकाने प्रवासलेखांसाठी त्यांना ५०,००० डॉलर दिले. पितापुत्रांनी मिळून ५१२ मोठे प्राणी मारले आणि मोहिमेने एकंदर ११,००० हून अधिक नमुने अमेरिकेस नेले. शिकारीचा खर्च पूर्वी हत्तीच्या दातांवर निघे. आता तो देणगी, लेखणी आणि प्रसिद्धी यांवर निघाला. सेलूने हे दोन्ही मार्ग स्वतः चोखाळलेले असल्याने सल्लागार म्हणून त्याच्याइतका योग्य माणूस सापडणे कठीण होते.

१९११ मध्ये लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयासाठी महाकाय ईलँड हरणाचा नमुना मिळविण्यासाठी तो सुदानमध्ये गेला. या संग्रहालयात त्याने मिळविलेले ५२४ सस्तन प्राण्यांचे नमुने असून त्यांत १९ सिंह आहेत.

महायुद्ध व मृत्यू

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा सेलू बासष्ट वर्षांचा होता. वयामुळे आरंभी त्याला नाकारण्यात आले. अखेर १९१५ मध्ये रॉयल फ्यूजिलियर्सच्या २५ व्या पलटणीत त्याला घेण्यात आले आणि जर्मन पूर्व आफ्रिकेत (आजचा टांझानिया) पाठविण्यात आले. या आघाडीवर हिंदी फौजाही मोठ्या संख्येने होत्या. तिशीतले सैनिक हिवतापाने व आमांशाने खचत असताना हा साठी ओलांडलेला कॅप्टन पायी चालत राहिला. सप्टेंबर १९१६ मध्ये त्याला डी. एस. ओ. हा सन्मान मिळाला. ४ जानेवारी १९१७ रोजी रुफिजी नदीजवळील बेहो बेहो येथे दुर्बिणीतून शत्रूचा ठाव घेत असताना डोक्यात गोळी लागून तो ठार झाला. त्याला तेथेच एका चिंचेच्या झाडाखाली पुरण्यात आले. बरोबर एक वर्षाने, ४ जानेवारी १९१८ रोजी, त्याचा वैमानिक मुलगा फ्रेडरिक हाही युद्धात मारला गेला.

स्मृती

जॉन मिले याने लिहिलेले सेलूचे चरित्र १९१८ मध्ये प्रसिद्ध झाले. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात त्याचा अर्धपुतळा आहे. रायडर हॅगार्डच्या कादंबऱ्यांतील ॲलन क्वाटरमेन हे पात्र सेलूवरून रचले असल्याचे सांगितले जाते. मुंगुसाच्या एका आफ्रिकी जातीच्या शास्त्रीय नावात त्याचे नाव आहे.

१९२२ मध्ये त्याच्या कबरीभोवतालच्या अरण्याला सेलू अभयारण्य असे नाव देण्यात आले. सुमारे ५०,००० चौरस किलोमीटर क्षेत्राच्या या अरण्यास १९८२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा स्थळ म्हणून मान्यता दिली. त्याच्या मोठ्या भागात शुल्क भरून शिकार करण्यास परवानगी होती आणि व्यवस्थापनाचा खर्च बऱ्याच अंशी त्या शुल्कातून चाले. तरीही चोरट्या शिकारीने हत्तींची दाणादाण उडविली. १९७० च्या दशकात तेथे एक लाखाच्या आसपास असलेले हत्ती २०१३ च्या गणनेत सुमारे १३,००० उरले आणि २०१४ मध्ये हे स्थळ धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत गेले. २०१९ मध्ये टांझानिया सरकारने अभयारण्याचा मोठा भाग वेगळा काढून त्याला न्येरेरे राष्ट्रीय उद्यान असे नाव दिले. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत शिकारीस बंदी आहे.