बलराज साहनी : एक मतभेदापलीकडचा नट

‘वक्त’ (१९६५) या चित्रपटात लाला केदारनाथ आपल्या पत्नीला उद्देशून जे गाणे म्हणतो, ते तुम्ही एखाद्या लग्नाच्या वाढदिवशी निश्चितच ऐकले असेल. ते ऐकताना त्या रुबाबदार गृहस्थाचा राजकीय पक्ष कोणता, असे कोणी विचारत नाही. वास्तविक बलराज साहनी यांनी आपले राजकारण कधीच लपवले नाही. ते साम्यवादी होते. त्यांच्यावर जीव टाकणारे बहुसंख्य प्रेक्षक मात्र साम्यवादी नव्हते. हे कसे घडले, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या चरित्राकडे वळले पाहिजे.

त्यांचा जन्म १ मे १९१३ रोजी रावळपिंडी येथे झाला. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून इंग्रजी विषयात एम. ए. झाल्यावर त्यांनी शांतिनिकेतनात अध्यापन केले. मातृभाषेत लिहावे, हा रवींद्रनाथांचा सल्ला त्यांना पुढे फार उशिरा पटला. पण पटल्यावर त्यांनी पंजाबीत सातत्याने लेखन केले. शांतिनिकेतनानंतर ते वर्ध्याजवळील सेवाग्रामात नई तालीमच्या कार्यात रमले आणि तेथून गांधीजींच्या संमतीने लंडनला बीबीसीत निवेदक म्हणून गेले. १९४३ मध्ये परतल्यावर मुंबईत भारतीय जननाट्य संघ, म्हणजे इप्टा, हेच त्यांचे घर झाले. बंगालच्या दुष्काळावरील ‘धरती के लाल’ (१९४६) या चित्रपटात त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी दमयंतीही होत्या. पुढच्याच वर्षी दमयंतींचे निधन झाले.

या विचारनिष्ठेची किंमत त्यांना मोजावी लागली. ‘हलचल’ (१९५१) या चित्रपटाचे काम चालू असताना एका मोर्चात त्यांना अटक झाली. निर्माते के. आसिफ यांच्या खटपटीमुळे त्यांना तुरुंगातून चित्रीकरणासाठी येण्याची परवानगी मिळाली. त्यांची भूमिका होती तुरुंगाधिकाऱ्याची! दिवसा गणवेश आणि सायंकाळी कोठडी, असा तो विचित्र काळ होता.

मात्र साहनींना लोकांच्या मनात अढळ स्थान मिळवून दिले ते ‘दो बिघा जमीन’ने (१९५३). बिमल रॉय यांनी त्यांना शंभू महतोची भूमिका दिली, तेव्हा इंग्रजी वळणाचा हा उच्चशिक्षित माणूस शेतकरी कसा शोभणार, अशी शंका अनेकांना होती. साहनींनी वाद घातला नाही. ते जोगेश्वरीच्या तबेल्यांत जाऊन उत्तर भारतातून आलेल्या भैया लोकांचे चालणे-बसणे, मुंडासे बांधणे न्याहाळू लागले. कलकत्त्यात त्यांनी स्वतः रिक्षा ओढली. तरीही एका क्षणी त्यांचा धीर खचला. त्या वेळी बिहारमधून आलेल्या एका वृद्ध रिक्षावाल्याने त्यांना आपली कहाणी सांगितली. त्याचीही दोन बिघे जमीन जमीनदाराकडे गहाण पडली होती आणि ती सोडविण्यासाठी तो वर्षानुवर्षे रिक्षा ओढत होता. तेव्हापासून साहनींनी अभिनयाच्या सिद्धान्तांचा विचार सोडला आणि मनोमन त्या वृद्धाची जागा घेतली.

येथे क्षणभर थांबा. कष्टकऱ्याकडे पाहण्याची ही ओढ त्यांना त्यांच्या राजकारणाने दिली होती. परंतु पडद्यावर त्यातली एकही घोषणा उरली नाही. उरला तो धापा टाकणारा, घामाने निथळणारा शंभू. मतांशी भांडता येते, त्या धापेशी कसे भांडणार? प्रेक्षकांनी साहनींचे राजकारण बाजूला ठेवून त्यांच्यावर प्रेम केले, असे सर्रास म्हटले जाते. मला ते अर्धवट वाटते. ज्या राजकारणाशी त्यांचे पटत नव्हते, त्याचेच फळ त्यांना नकळत आवडत होते.

१९६२ च्या चीन युद्धानंतर साम्यवाद्यांकडे संशयाने पाहिले जात होते. तशा काळात, १९६४ मध्ये, चेतन आनंद यांच्या ‘हकीकत’मध्ये साहनी भारतीय सेनाधिकाऱ्याच्या गणवेशात आले आणि लोकांनी त्यांचा मेजर रणजितसिंग मनापासून स्वीकारला. १९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

अखेरचे पर्व मात्र दुःखाचे आहे. १९७२ मध्ये त्यांची कन्या शबनम अकाली गेली. त्या सुमारास एम. एस. सथ्यू यांच्या ‘गर्म हवा’चे काम चालू होते. फाळणीनंतर आग्रा न सोडणाऱ्या सलीम मिर्झा या चर्मोद्योगातील व्यावसायिकाची भूमिका त्यांच्याकडे होती. कथेत मिर्झांची मुलगी आत्महत्या करते. त्या प्रसंगी साहनी रडत नाहीत, बोलत नाहीत. केवळ पाहत राहतात. स्वतःचा घाव इतका ताजा असताना त्यांनी तो प्रसंग कसा निभावला असेल, याची कल्पनाही करवत नाही. चित्रपटाचे ध्वनिमुद्रण पूर्ण झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

जातीय तणावाच्या भीतीने परीनिरीक्षण मंडळाने ‘गर्म हवा’ काही महिने अडवून ठेवला होता. तो १९७४ मध्ये प्रदर्शित झाला आणि राष्ट्रीय एकात्मतेवरील उत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला. त्याच्या अखेरीस देश सोडून निघालेले मिर्झा टांग्यातून उतरतात, टांगा घराकडे वळवायला सांगतात आणि रस्त्यावरून चाललेल्या बेकार तरुणांच्या मोर्चात मिसळतात. त्या गर्दीत ते दिसेनासे होईपर्यंत, कोणत्याही पक्षाचा प्रेक्षक असो, त्यांच्याकडेच पाहत राहतो.